तक्रार ‘निकाली’ निघाली, पण नळाला पाणी आलं का? सरकारी दवाखाने, तपासणी आणि नोंदींचा हिशोब

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. पुढच्या दिवशी आणखी ७. म्हणजे ४८ तासांत ३१ जण गेले.

तुमच्याही फोनवर तेव्हा ही बातमी आली असेल. त्याच आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून २४ तासांत १८ मृत्यूंची बातमी आली. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याच्या कळवा इथल्या महापालिका रुग्णालयातही एका दिवसात १८ मृत्यू झाले होते. चर्चा झाली, नेते येऊन गेले, समित्या नेमल्या गेल्या. मग पुढची बातमी आली आणि आपण सगळे स्क्रोल करून पुढे गेलो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. नांदेडमध्ये उपचारात काय चुकलं, यावर मी बोलणार नाही. पण या प्रकरणाची एक बाजू थेट माझ्या कामाशी जोडलेली आहे, ती म्हणजे नोंदी. दवाखान्याची तपासणी कोण करतं, तक्रार कुठे लिहिली जाते, ती कोण ‘बंद’ करतं आणि हे सगळं नंतर कुणाला बघता येतं का? आज हेच समजून घेऊया. कारण आपल्याकडे पोर्टल आणि ॲप कमी नाहीत. कमी आहे ती नोंद धरून ठेवण्याची पद्धत.

२४ हा आकडा मोठा की नेहमीचा?

बातमी आल्यावर साधारण दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणत होती की हा निष्काळजीपणा आहे. दुसरी बाजू म्हणत होती की हे मोठं रेफरल रुग्णालय आहे. हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणच्या सीमेवरूनही इथे रुग्ण येतात. अनेकांना खाजगी दवाखान्यातून शेवटच्या घटकेला इथे आणलं जातं, त्यामुळे इथे मृत्यू जास्त होणारच. सुट्ट्या सलग आल्याने खाजगीतून येणारे रुग्ण वाढले, असंही सांगितलं गेलं.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य असू शकतं. पण कोण किती बरोबर, हे ठरवायला काय लागतं? आधीच्या दिवसांचे आकडे. या रुग्णालयात एरवी दिवसाला किती मृत्यू होतात? नवजात कक्षात किती खाटा आहेत आणि त्या दिवशी किती बाळं होती? किती बाळांचा जन्म तिथेच झाला आणि किती बाहेरून आली? आली तेव्हा त्यांची प्रकृती कशी होती?

आमच्या क्षेत्रात याला बेसलाइन म्हणतात. एखाद्या ॲपचा सर्व्हर मिनिटाला ५० एरर देत असेल, तर ते वाईट आहे का? रोज ४८ येत असतील तर आजचा दिवस नेहमीसारखाच, फक्त रोजचंच चुकतंय. रोज ५ येत असतील तर आज काहीतरी फुटलंय. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात. म्हणून चांगल्या सिस्टिममध्ये अलर्ट लावलेला असतो. आकडा ठराविक मर्यादेच्या वर गेला की रात्री दोनलाही कुणाचा तरी फोन वाजतो.

मृत्यूची नोंद प्रत्येक रुग्णालयात होतेच, ते कायद्यानेच बंधनकारक आहे. पण ती नोंद रजिस्टरमध्ये असणं वेगळं आणि तिच्यावर कुणाची तरी रोज नजर असणं वेगळं. नांदेडच्या बाबतीत लोकांसाठी अलर्ट वाजला तो टीव्हीवर.

औषधांच्या वादातही हेच झालं. एकीकडे नातेवाईक सांगत होते की औषधं बाहेरून आणायला लावतात. दुसरीकडे रुग्णालय आणि सरकार म्हणत होतं की साठा पुरेसा आहे. खरं तर राज्यात औषधसाठ्यासाठी ई-औषधी नावाची संगणक प्रणाली आहे. त्या दिवशी कोणतं औषध किती शिल्लक होतं, हे लोकांना उघडपणे बघता आलं असतं, तर हा वाद पाच मिनिटांत मिटला असता. नोंद उघड नसली की कुणाचा आवाज मोठा, यावरच सगळं ठरतं.

कॅमेऱ्यासमोरची तपासणी

३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले. त्यांनी अधिष्ठात्यांना, म्हणजे डीनना, घाण झालेलं शौचालय साफ करायला लावलं. व्हिडिओ देशभर फिरला. पुढे खासदारांवर ॲट्रॉसिटी कायद्यासह गुन्हा दाखल झाला. एका मृत महिलेच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही गुन्हा नोंदवला गेला.

शौचालय घाण होतं का? व्हिडिओत तरी तसंच दिसत होतं. पण हा प्रकार तपासणी म्हणून बघा. शौचालय किती दिवसांपासून घाण होतं? सफाई कामगारांची किती पदं मंजूर आणि किती भरलेली? पाणी होतं का? याआधी किती जणांनी तक्रार केली होती? यातलं काहीही त्या व्हिडिओतून नोंदलं गेलं नाही. एका माणसाचा अपमान झाला, लाखो व्ह्यूज मिळाले आणि विषय संपला. खऱ्या तपासणीनंतर एक कागद उरतो. त्यात काय आढळलं, काय दुरुस्त करायचं, कुणी आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असतं. ठरलेल्या तारखेला कुणीतरी परत येऊन तो कागद उघडतं.

४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्या. आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने सरकारकडे काय मागितलं? मंजूर पदं किती, भरलेली किती, औषध खरेदीची स्थिती काय, आरोग्यावरची तरतूद आणि खर्च किती. थोडक्यात, कोर्टाने पहिल्यांदा डेटा मागितला. जी माहिती एखाद्या डॅशबोर्डवर रोज दिसायला हवी, ती मिळवायला ३१ मृत्यू आणि हायकोर्ट लागलं.

कायद्यातली मोठी फट

आता थोडं कायद्याचं बघू. कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे.

महाराष्ट्रात खाजगी दवाखान्यांवर देखरेख चालते ती १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली. दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. शहरात महापालिका आणि बाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा तपासणी करते. २०२१ मध्ये या कायद्याच्या नियमांत सुधारणा झाली. त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री नंबरचीही तरतूद आली. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या किंवा लातूरच्या एखाद्या खाजगी हॉस्पिटलमध्ये गेलात, तर हे फलक आहेत का ते नक्की बघा.

पण हा कायदा सरकारने किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेने चालवलेल्या रुग्णालयांना लागू नाही! म्हणजे विष्णुपुरीचं रुग्णालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, तुमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, ही सगळी या कायद्याच्या बाहेर.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा सरकारी आणि खाजगी अशा दोघांनाही लागू होतो. पण आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने राज्याने तो स्वीकारावा लागतो. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

मग सरकारी रुग्णालय तपासतं कोण? विभाग स्वतःच. इथे आणखी एक गुंता आहे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, महापालिकेचे दवाखाने महापालिकेकडे. एकच रुग्ण एका आजारपणात या तिन्ही ठिकाणी फिरू शकतो. त्याची तक्रार मात्र आपोआप त्याच्यामागे फिरत नाही.

सरकारी रुग्णालयं कुणीच तपासत नाही, असं मी म्हणत नाहीये. कायाकल्प योजनेत स्वच्छतेचं गुणांकन होतं. मेडिकल कॉलेजला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे निकष असतात. कॅग लेखापरीक्षण करतं. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य सेवांवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यात डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांच्या कमतरतेची सविस्तर नोंद आहे. पण तो अहवाल २०१६-१७ ते २०२१-२२ या काळाचा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर २०२१ चा एरर लॉग २०२४ च्या शेवटी उघडला. अभ्यासासाठी तो उत्तमच आहे. आज रात्री वॉर्डात असलेल्या बाळाला मात्र त्याचा उपयोग नाही.

सॉफ्टवेअर आणलं की प्रश्न सुटतो का?

इथे मला माझ्याच क्षेत्राला दोन शब्द सुनवायचे आहेत.

राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत एचएमआयएस नावाची संगणक प्रणाली होती. केस पेपर, तपासण्या, रुग्णाचा इतिहास सगळं त्यात. जुलै २०२२ मध्ये पुरवठादाराच्या थकीत पैशांच्या वादातून ती बंद झाली. रुग्णालयं परत हाताने लिहिलेल्या केस पेपरवर आली. नंतर एनआयसीची ई-हॉस्पिटल प्रणाली बसवण्याचं काम सुरू झालं.

तुमचं यूपीआय ॲप उद्या बंद पडलं, तर दुसरं ॲप टाकता, बँक खातं तिथेच असतं. ॲप आणि नोंद वेगवेगळ्या ठेवल्यामुळे हे जमतं. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचंही असंच हवं. कंपनी बदलली, कंत्राट संपलं, तरी नोंद सरकारची आणि रुग्णाची राहिली पाहिजे, ती ठरलेल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता आली पाहिजे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला १४ अंकी आभा नंबर याच दिशेचा प्रयत्न आहे. पण त्यात रुग्णाच्या नोंदींचा विचार आहे. तपासणी अहवाल आणि तक्रारी त्यात येत नाहीत.

दुसरं उदाहरण हजेरीचं. मेडिकल कॉलेजमध्ये शिक्षक-डॉक्टर खरंच येतात का, हे बघायला आयोगाने आधार-आधारित बायोमेट्रिक हजेरी आणली. १ मे २०२५ पासून तर चेहरा ओळखणारी, जीपीएस असलेली हजेरी सक्तीची केली. आणि पुढच्याच महिन्यात, ३० जून २०२५ ला सीबीआयने मेडिकल कॉलेजांच्या तपासणीतल्या कथित लाचखोरीवर मोठा गुन्हा नोंदवला. आरोप असे की, मंत्रालयातल्या गोपनीय फाइलींचे फोटो काढून दलालांकडे पाठवले गेले, कोणत्या कॉलेजची तपासणी कधी आणि तपासणारे कोण हे आधीच कळवलं गेलं, तपासणीच्या दिवसापुरते शिक्षक आणि रुग्ण उभे केले गेले. बोटांचे नकली ठसे वापरून हजेरी लावल्याचाही आरोप आहे. हे सगळं कोर्टात सिद्ध व्हायचं आहे. पण यातून एक गोष्ट लक्षात घ्या. मशीन कितीही भारी असू दे, तपासणीची तारीख आधी फुटली की तपासणीचं स्नेहसंमेलन होतं.

माझी एक तक्रार

एक छोटा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी मावशी आमच्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात ॲडमिट होती. वॉर्डाच्या शौचालयात पाणी नव्हतं. बायकांना बाटली घेऊन खालच्या मजल्यावर जावं लागायचं. मी पुण्यात बसून एका पोर्टलवर तक्रार टाकली. फोटो, वॉर्ड नंबर, सगळं दिलं. तक्रार क्रमांक आला, मला फार भारी वाटलं.

दोन-तीन आठवड्यांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ आत शेरा होता, ‘संबंधितांना सूचना देण्यात आल्या.’ तोवर मावशी घरी आली होती. तिला फोनवर कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली, “तक्रार केलास, बरं केलास. पण नळाला पाणी आलंय का ते सांग की.”

मला ते माहीतच नव्हतं. ते सांगणारा रकानाच त्या पोर्टलवर नव्हता.

आमच्या ऑफिसात बग बंद करताना मी ‘संबंधितांना सूचना दिल्या’ असं लिहिलं, तर टेस्टर पाच मिनिटांत तो परत उघडेल. कारण नियम साधा आहे, ज्याच्या कोडमध्ये चूक त्याने बग बंद करायचा नाही. ज्याने शोधला, त्याने तपासून बंद करायचा. आपल्या बहुतेक तक्रार यंत्रणांमध्ये नेमकं उलटं होतं. तक्रार फिरत फिरत ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर येते आणि तोच ती निकाली काढतो. वर डॅशबोर्डवर ‘९० टक्के तक्रारी निकाली’ असा हिरवा आकडा दिसतो. तो आकडा बंद झालेल्या फाइलींचा असतो. पाणी आलेल्या नळांचा नसतो.

बाहेर काय झालं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या सरकारी रुग्णालयात २००५ नंतरच्या काही वर्षांत रुग्णांचे अतोनात हाल झाले. नातेवाईक तक्रारी करत होते. दुसरीकडे, रुग्णांची प्रकृती लक्षात घेऊन काढलेला मृत्यूचा निर्देशांकही अपेक्षेपेक्षा जास्त दिसत होता. रुग्णालयाचं पहिलं उत्तर काय होतं? आकडे भरण्यात, म्हणजे कोडिंगमध्ये, चूक असेल! शेवटी २००८ मध्ये नियामकाने चौकशी सुरू केली, पुढे सार्वजनिक चौकशी झाली आणि २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस यांचा २९० शिफारशींचा अहवाल आला.

आज इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशनचा प्रत्येक तपासणी अहवाल नेटवर असतो. रुग्णालयाला मिळालेली श्रेणी दर्शनी भागात लावावी लागते. तिथेही सगळं आलबेल नाही, पण अहवाल लपत नाही.

यातला ‘प्रकृती लक्षात घेऊन’ हा भाग महत्त्वाचा आहे. नुसता मृत्यूंचा आकडा जाहीर केला, तर विष्णुपुरीसारखं रुग्णालय कायम वाईटच दिसेल, कारण सगळ्यात गंभीर रुग्ण तिथेच येतात. आणि जो खाजगी दवाखाना रुग्ण हाताबाहेर जाताच ॲम्ब्युलन्समध्ये घालून पाठवतो, तो कागदावर स्वच्छ राहील. म्हणून रुग्ण कुठून आला, किती वाजता पाठवला, आला तेव्हा प्रकृती कशी होती, हे नोंदणं डॉक्टरांच्याही फायद्याचं आहे. चांगली नोंद दोषी माणसाला पकडते आणि निर्दोष माणसाला वाचवतेही.

आणखी एक. तीन माणसांचं काम एक परिचारिका करत असेल आणि तिच्या हातात आपण आणखी एक टॅबलेट दिला, तर ती रुग्णाकडे बघेल की फॉर्म भरेल? माणसं न भरता नोंदी वाढवल्या तर नोंदी खोट्या होतात. हायकोर्टाने रिक्त पदांचा हिशोब मागितला, तो उगाच नाही.

मग चांगली नोंद कशी असते?

माझ्या मते चार गोष्टी हव्यात.

१. जन्मतःच क्रमांक आणि वेळ. तक्रार तोंडी असो, पेटीतली असो की ॲपवरची, तिला लगेच क्रमांक मिळाला पाहिजे. तपासणी अहवालालाही.

२. खोडता न येणं. चुकलं तर नवी ओळ लिहा, जुनी पुसू नका. बँकेच्या पासबुकात जसं असतं तसं.

३. बंद करणारा वेगळा. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याने ती बंद करायची नाही. तक्रारदाराला ‘काम झालं नाही, परत उघडा’ असं बटण हवं.

४. बाकीच्यांना दिसणं. नावं झाकून का होईना, पण कोणत्या वॉर्डात पाण्याची सातवी तक्रार आली, हे बाहेरच्या माणसाला दिसलं पाहिजे. एक तक्रार म्हणजे कुरकुर, त्याच जागेच्या सात तक्रारी म्हणजे इशारा.

यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टमध्ये बनवतात. अवघड आहे ते ‘परत उघडा’ हे बटण अनोळखी माणसाच्या हातात द्यायची तयारी.

तोपर्यंत आपण काय करू शकतो?

तुमच्या खिशात फोन आहे. तो रीलसाठीही आहे आणि पुराव्यासाठीही.

कागद जपा. केस पेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, बिलं, डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो त्याच दिवशी काढा. वेगळा फोल्डर करा. दुसऱ्या रुग्णांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका.

रुग्णाचे रेकॉर्ड मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांनुसार, ॲडमिट रुग्णाचे रेकॉर्ड तीन वर्षं जपायचे असतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ते ७२ तासांत द्यायचे असतात. तोंडी नको, अर्ज लेखी द्या.

पोच घ्या. लेखी तक्रारीच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. बाबा-आजोबांच्या पिढीला हे पाठ होतं, आपण विसरलो. शिक्का नसलेली तक्रार म्हणजे सेव्ह न केलेली फाइल.

दार बरोबर निवडा. खाजगी दवाखाना असेल तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालय. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असेल तर अधिष्ठाता आणि वैद्यकीय शिक्षण विभाग. ऑनलाइन करायचं तर राज्याचं ‘आपले सरकार’ पोर्टल. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर ऑगस्ट २०२४ पासून २१ दिवसांत निवारणाची मुदत आहे.

एका तक्रारीत एकच मुद्दा लिहा. ‘दवाखाना बेकार आहे’ असं नको. ‘वॉर्ड अमुक, तारीख अमुक, सकाळी ८ ते दुपारी २ शौचालयात पाणी नव्हतं, पाणी सुरू करून तसं कळवावं’ असं हवं. मग उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच द्यावं लागतं.

माहितीचा अधिकार वापरा. राज्याचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल आहे. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. मत विचारू नका, नोंद मागा. उदाहरणार्थ:

‘गेल्या आर्थिक वर्षात आपल्या कार्यालयाने ज्या नर्सिंग होमची तपासणी केली त्यांची यादी, तपासणीच्या तारखा आणि अहवालांच्या प्रती द्याव्यात.’

‘गेल्या आर्थिक वर्षातील रुग्णालयाच्या तक्रार नोंदवहीची प्रत, तक्रारदारांची नावे वगळून, द्यावी.’

नोंदवहीच नसेल तर? तेही लेखी उत्तरात यायला हवं. ‘अशी नोंद उपलब्ध नाही’ हे सरकारी शिक्क्याचं वाक्य हीसुद्धा एक नोंदच आहे आणि बऱ्याचदा सगळ्यात उपयोगी.

नांदेडच्या त्या दोन दिवसांत गेलेल्या बाळांपैकी काही वाचली असती का, हे मला सांगता येणार नाही. पण कक्षात जागेपेक्षा जास्त बाळं झाली, औषध संपत आलं किंवा मृत्यू वाढायला लागले, तर तिसऱ्या दिवशी टीव्हीवर कळण्याऐवजी पहिल्याच रात्री कुणाचा तरी फोन वाजावा, एवढं नक्की करता येतं. त्यासाठी नवं ॲप नको. आहे त्या नोंदी खऱ्या, उघड आणि दुसऱ्या कुणाला तरी तपासता येतील अशा हव्यात.

मी मात्र आता एक सवय लावून घेतली आहे. ‘तक्रार निकाली काढली’ असा मेसेज आला की आधी तिथे असलेल्या माणसाला फोन करतो आणि मावशीचाच प्रश्न विचारतो. उत्तर ‘नाही’ आलं, तर त्याच दिवशी जुना क्रमांक लिहून नवी तक्रार टाकतो.